कार्डावर जात काय लिहायची?

शेल्टरमधल्या मांजराच्या पिंजऱ्याला बहुतेक वेळा एक कार्ड लटकवलेलं असतं. अंदाजे वय, नर की मादी, नसबंदी झाली का, लसी कुठल्या दिल्या, एवढं त्यावर लिहितात. आणखी एक रकाना असतो, ‘ब्रीड’चा. बाकीचे रकाने डॉक्टर तपासून भरतात. हा रकाना कोण भरतं आणि कशाच्या आधारावर?

समजा, मच्छी मार्केटच्या मागच्या गल्लीत एक मांजर सापडलं. मादी, वय वर्षं दीड-दोन. अंगभर एकसारखा राखाडी रंग, कुठे पट्टा नाही की पांढरा ठिपका नाही. डोळे हिरवट. तिचा फोटो टाकला की पहिली विचारणा ठरलेली असते, ‘रशियन ब्लू आहे का?’ दुसरा विचारतो, ‘मिक्स तरी असेल ना?’ तिसरा काही विचारत नाही, थेट ‘मला हवंय’ म्हणून नंबर देतो. शेजारच्या पिंजऱ्यातल्या काळ्या मांजराबद्दल कुणीच काही विचारलेलं नसतं.

आता रकान्यात लिहायचं काय? ‘देशी’ लिहिलं तर कदाचित ती महिनोन्‌महिने तिथेच राहील. ‘रशियन ब्लू मिक्स’ लिहिलं तर आठवडाभरात घरी जाईल. तो पिंजरा रिकामा झाला तर बाहेर तिष्ठत असलेल्या, अपघातात पाय मोडलेल्या बोक्याला जागा मिळेल. शिवाय ‘मिक्स’ हे खोटं आहे, असं कुणी सिद्धही करू शकणार नाही. मग लिहून टाकायला हरकत काय?

ह्याचं उत्तर द्यायचं तर आधी एक साधा प्रश्न सोडवायला लागेल. ती रशियन ब्लू आहे की नाही, हे कळू तरी शकतं का?

राखाडी रंग कुठून येतो

मांजरांच्या दुनियेत राखाडी रंगाला ‘ब्लू’ म्हणतात. हा वेगळा रंग नसतो, तो काळाच असतो. मांजरात एमएलपीएच नावाचं एक जनुक असतं. त्यात एका अक्षराचा बिघाड झाला की काळ्या रंगद्रव्याचे कण केसात सारखे पसरत नाहीत, गुठळ्या होऊन बसतात. त्यामुळे काळा केस आपल्याला राखाडी दिसतो. पिल्लाला हा बिघाड आई आणि बाप दोघांकडून मिळावा लागतो. दोघंही दिसायला काळीकुळकुळीत असली तरी दोघांकडे तो लपलेला असू शकतो. म्हणजे गल्लीतल्या काळ्या मांजरीला गल्लीतल्याच काळ्या बोक्यापासून राखाडी पिल्लू होऊ शकतं. त्यासाठी रशियाहून कुणी यायची गरज नाही.

थायलंडचं कोराट राखाडी असतं. फ्रान्सचं शार्त्रो राखाडी असतं. ब्रिटिश शॉर्टहेअरचा सगळ्यांत प्रसिद्ध रंग राखाडीच. जगभरच्या रस्त्यांवरची, कसलंही नाव नसलेली असंख्य मांजरंही राखाडी असतात. रंगावरून ब्रीड ओळखणं म्हणजे पांढरा शर्ट घातलाय म्हणून माणसाला डॉक्टर समजण्यासारखं आहे.

बाकीच्या खुणांचंही असंच. ‘कपाळावर इंग्रजी एम आहे, म्हणजे मेन कून,’ असं ठामपणे सांगणारे भेटतात. पण पट्टेवाल्या कुठल्याही मांजराच्या कपाळावर तो ‘एम’ असतो. दाराशी येऊन म्याव करणाऱ्या मांजराच्याही असतो, जाऊन बघा. सयामी मांजराचे कान, तोंड, पाय, शेपूट काळपट असतात, कारण त्यांच्यात रंग तयार करणारं विकर गरम जागी नीट काम करत नाही. अंगाच्या गार भागांवर रंग चढतो, ऊबदार भागांवर चढत नाही. हे जनुकही सयामींची खासगी मालमत्ता नाही. ते साध्या मांजरांतही फिरत असतं आणि अधूनमधून एखाद्या पिल्लात दिसतं.

‘मग डीएनए टेस्ट करा की!’ करता येते. पण ती टेस्ट काय करते? प्रयोगशाळेकडे वेगवेगळ्या ब्रीडच्या मांजरांचे नमुने असतात, त्यांच्याशी तुमच्या मांजराचा नमुना ताडून बघतात. उत्तर येतं ते ‘ह्या गटाशी इतकं साम्य’ अशा स्वरूपाचं. चुलत्याचं नाक आणि तुमचं नाक सारखं आहे, एवढं त्यावरून कळतं. तुम्ही त्याच्या सातबाऱ्यावर आहात का, हे कळत नाही.

कारण ब्रीड हा शेवटी सातबाराच आहे. मांजर रशियन ब्लू असतं म्हणजे त्याचे आईबाप, आजीआजोबा, पणजीपणजोबा एका वहीत नोंदलेले असतात. ती नोंद अंगावर कुठे उमटत नाही. शेल्टरमध्ये कागदाशिवाय आलेल्या मांजराची ती नोंद, कधी असलीच तर, हरवलेली असते. म्हणून ‘हे रशियन ब्लू आहे का?’ ह्याचं प्रामाणिक उत्तर जवळजवळ नेहमी एकच असतं. तिच्या आईबापांबद्दल आपल्याला काही माहीत नाही.

नदी आणि कालवे

‘माहीत नाही’ म्हटलं की लगेच ‘मिक्स’ येतो. आणि तो आपल्याला इतका निरुपद्रवी वाटतो की त्याच्यातला उलटेपणा लक्षातच येत नाही. ‘मिक्स’ म्हणताना आपण धरून चालतो की आधी शुद्ध ब्रीड होती, मग ती एकमेकांत मिसळली आणि त्यातून ही रस्त्यावरची मांजरं झाली. इतिहास नेमका ह्याच्या उलटा आहे.

सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेलं सापडलं आहे. तेव्हापासून, किंवा त्याच्याही आधीपासून, मांजरं आपल्या धान्याच्या आणि उंदरांच्या आसपास आहेत. जगातली सगळी पाळीव मांजरं एकाच रानमांजरापासून आली, पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतल्या. ती जहाजांवरून, बैलगाड्यांवरून, गोदामांतून जगभर पसरली. त्यांची लग्नं कुणी जमवली नाहीत.

आणि ब्रीड? 13 जुलै 1871 ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं पहिलं मोठं प्रदर्शन भरलं. ते भरवलं हॅरिसन विअर नावाच्या चित्रकाराने. कुठलं मांजर कशावरून चांगलं म्हणायचं ह्याचे निकष त्यानेच लिहिले. तिथून पुढे वह्या, क्लब, बक्षिसं, वंशावळी. अमेरिकेतली कॅट फॅन्सिअर्स असोसिएशन 1906 ची, ब्रिटनची मध्यवर्ती नोंदणी संस्था 1910 ची. साडेनऊ हजार वर्षांतली ही शेवटची दीडशे.

म्हणजे साधं मांजर ही नदी आहे आणि ब्रीड हे तिच्यातून काढलेले कालवे. कालव्यांचं पाणी मिसळून नदी झाली, असं कुणी म्हणत नाही. पण मार्केटमधल्या मांजराला ‘मिक्स’ म्हणताना आपण तेच म्हणत असतो.

कालवे तरी किती सरळ आहेत, तेही बघू. आपल्या रशियन ब्लूचंच घ्या. 1875 च्या क्रिस्टल पॅलेसच्या प्रदर्शनात हे मांजर आर्खांगेल्स्क बंदराच्या नावाने मांडलं होतं. पुढे बरीच वर्षं ब्रिटनमध्ये सगळी आखूड केसांची राखाडी मांजरं एकाच गटात स्पर्धेला उतरत. रशियन ब्लूला स्वतंत्र गट मिळाला तो 1912 मध्ये. दुसऱ्या महायुद्धानंतर ही मांजरं इतकी कमी उरली की वंश टिकवायला त्यांचा सयामींशी संकर केला गेला. आज ज्याला आपण शुद्ध रशियन ब्लू म्हणतो, त्याच्या पणज्यांमध्ये सयामी मांजरी आहेत. हा घोटाळा नव्हता. वहीवाल्यांनी उघडपणे ठरवलं आणि वहीत लिहिलं. गल्लीत झाला असता तर त्याच संकराला आपण ‘मिक्स’ म्हटलं असतं.

पर्शियनचं नाव पर्शियावरून. पण 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात पर्शियन मांजरांचं नातं निघालं ते पश्चिम युरोपातल्या साध्या मांजरांशी. ॲबिसिनियन म्हणजे इथिओपियाचं असायला हवं. पण हॉलंडमधल्या लायडनच्या संग्रहालयात 1830 च्या दशकात विकत घेतलेलं, पेंढा भरलेलं एक मांजर आहे. तशा रंगाच्या मांजराचा तो सर्वांत जुना नमुना मानतात, आणि त्याच्या चिठ्ठीवर मायदेश म्हणून लिहिलंय ‘इंडिया’.

आणखी गंमत. हिमालयन नावाचं मांजर असतं, पर्शियनचे केस आणि सयामीचे रंग. अमेरिकेतल्या एका मोठ्या संस्थेने 1984 मध्ये त्याला पर्शियनचाच एक रंगप्रकार ठरवलं. दुसरी मोठी संस्था त्याला अजूनही वेगळं ब्रीड मानते. मांजर तेच, सोफा तोच, फक्त कुठल्या ऑफिसात अर्ज केला त्यावरून ब्रीड बदलतं. युरोपात तर एका संघटनेत काही ब्रीडसाठी अशीही वाट आहे की आईबाप माहीत नसलेलं मांजर परीक्षकांसमोर ठेवायचं. त्यांनी बघून ‘हो, आहे’ म्हटलं आणि सही केली की त्याची नोंद होऊ शकते. सकाळी बिनजातीचं असलेलं मांजर संध्याकाळी जातिवंत झालेलं असतं.

ह्यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही. पिढ्यान्‌पिढ्या निवडून जुळवल्याने एका ब्रीडची मांजरं खरोखरच एकमेकांसारखी दिसतात आणि काही अंशी वागतातही. पण तिथे ‘आहे’ म्हणजे ‘ठरवलं आहे’. आपण मात्र पिंजऱ्यातल्या मांजराकडे बघून, जणू त्याच्या रक्तात काही लपलंय, अशा उत्सुकतेने विचारतो.

मग आपण नेमकं काय विचारतोय?

एक बाजू अशी मांडता येईल की ब्रीड कळलं तर काळजी नीट घेता येते. हा मुद्दा खरा आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवं.

मेन कून आणि रॅगडॉल मांजरांत हृदयाचे स्नायू जाड होण्याचा आनुवंशिक आजार आढळतो, आणि त्याची जनुकीय तपासणी होते. पर्शियनमध्ये मूत्रपिंडात पाण्याचे फुगे होण्याचा आजार असतो, त्याचंही जनुक 2004 पासून माहीत आहे. ब्रिटिश शॉर्टहेअर आणि डेव्हन रेक्समध्ये ‘बी’ रक्तगट इतर मांजरांपेक्षा जास्त आढळतो.

पण प्रत्येक ठिकाणी एक पायरी पुढे जाऊन बघा. हृदयाचा तो आजार साध्या मांजरांनाही होतो, म्हणून डॉक्टरने छातीला स्टेथोस्कोप लावायचाच असतो. मूत्रपिंडाची शंका असेल तर सोनोग्राफी करायची, कार्ड वाचायचं नाही. रक्त चढवण्याआधी रक्तगट तपासायचाच असतो, मांजर कुठल्याही घराण्यातलं असो. नाक चपटं असेल तर श्वासाला त्रास होणार, उन्हाळ्यात हाल होणार, भूल देताना जास्त काळजी घ्यावी लागणार. ते नाकाकडे बघूनच कळतं. केस लांब असतील तर रोज विंचरायला लागणार, हे केस सांगतात. काळजीसाठी जे माहीत असणं गरजेचं आहे ते जवळजवळ सगळं समोरच्या मांजरातच सापडतं.

स्कॉटिश फोल्ड हे ह्यातलं सगळ्यांत कडू उदाहरण. 1961 मध्ये स्कॉटलंडमधल्या एका शेतावर दुमडलेल्या कानांची एक पांढरी मांजरी आढळली. म्हणजे ही ‘जात’सुद्धा शेतावरच्या साध्या मांजरीपासूनच निघाली. तिच्या पिल्लांपासून हे ब्रीड तयार केलं. कान ज्या जनुकामुळे दुमडतात, त्याच जनुकामुळे शरीरभरची कूर्चा बिघडते, सांधे आणि शेपूट दुखतात, काही मांजरांना चालणंही कठीण होतं. ब्रिटनच्या नोंदणी संस्थेने 1970 च्या दशकातच ही मांजरं नोंदवणं थांबवलं. नेदरलँड्समध्ये त्यांची पैदास करायला बंदी आहे. तरीही गोलमटोल तोंडामुळे आणि रील्समुळे मागणी आहेच. इथे ब्रीडची ओळख आणि आजार ह्या दोन वेगळ्या गोष्टीच नाहीत. असं मांजर शेल्टरमध्ये आलं तर ‘वा, फोल्ड!’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘हिचे पाय दुखतात का?’ विचारणाऱ्याची तिला जास्त गरज असते.

काळजीचं कारण असं बाजूला काढलं की मागे काय उरतं? पाहुण्यांनी विचारल्यावर सांगायला एक नाव उरतं. पैसे न देता मौल्यवान काहीतरी मिळाल्याचा आनंद उरतो. आणि सगळ्यांत खोल कुठेतरी एक खात्री हवी असते, की ह्या जिवावर माया करणं वाया जाणार नाही, ह्याची आधी कुणीतरी किंमत केलेली आहे.

शब्दच सांगतो

इंग्रजीत ब्रीड वेगळं, कास्ट वेगळं. मराठीत दोन्हींना एकच शब्द आहे. ‘कुठल्या जातीचं मांजर?’ हे आपण सहज विचारतो, आंब्याची जात विचारतो, गुलाबाची विचारतो. आणि हाच शब्द लग्नाच्या साइटवर रकाना बनून बसलेला असतो, खाली ‘पोटजात’सकट. फोटो आवडलेला असतो, बोलणं जमलेलं असतं, तरी कुणीतरी घरातून विचारतंच, ‘ते सगळं ठीक आहे, पण आहेत कोण?’

मला मांजराच्या ब्रीडची आणि माणसाच्या जातीची बरोबरी करायची नाही. ब्रीड माहीत नाही म्हणून कुठल्या मांजराला कुणी पाणवठ्यावरून हाकललं नाही, कुणाच्या हातात झाडू दिला नाही. माणसांच्या जातीत जे सोसावं लागलं आणि लागतं, त्याला दुसरी तुलना शोधू नये. शिवाय ब्रीडमागे निवडून केलेल्या पैदाशीचं थोडंफार शारीरिक सत्य तरी असतं. माणसांच्या जातीला तेवढाही आधार नाही. 1936 मध्ये लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि होऊ न शकलेल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी हा मुद्दा नेमका पकडला होता. जातीमुळे वंशाची, रक्ताची शुद्धता टिकते, हा दावा त्यांनी तिथे तपासला आणि मोडीत काढला.

तुलना नको, पण सवय ओळखायला हवी. समोरच्याला नीट बघण्याआधी त्याचा वंश विचारायचा आणि वंश कळल्यावर त्याच्याकडे बघितलंच नाही तरी चालतं असं समजायचं, ही ती सवय. ती माणसांपुरती थांबत नाही. मांजरापर्यंत गेली की ती निरागस वाटते, कारण तिथे कुणाचं काही बिघडत नाही असं आपण समजतो. बिघडतं. ते शेजारच्या पिंजऱ्यातल्या काळ्या मांजराचं बिघडतं.

चांगल्यासाठी खोटं

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ‘रशियन ब्लू मिक्स’ लिहावं का?

लिहावं म्हणणाऱ्यांची बाजू दुबळी नाही. ते म्हणतील, कर्नाटकचा आंबा देवगड हापूस म्हणून विकला तर गिऱ्हाइकाच्या खिशातून जास्तीचे पैसे जातात, म्हणून ते पाप. इथे कुणी पैसे घेत नाही. घेणाऱ्याला आनंद, मांजराला घर, बोक्याला पिंजरा. ज्या तीन शब्दांनी कुणाचंच नुकसान होत नाही आणि एक जीव वाचतो, त्यांना खोटं म्हणून नाकारणं हा स्वतःचे हात स्वच्छ ठेवायचा अहंकार नाही का? पिंजऱ्यातल्या मांजराला तुमच्या सत्यनिष्ठेचा काय उपयोग?

हा प्रश्न मला टाळता येत नाही. तरीही मी ‘लिहू नये’च्या बाजूला आहे, आणि तत्त्वापेक्षा मांजरांच्या बाजूने विचार करून आहे.

जे मांजर नावामुळे घरात येतं ते नावाच्या अटीवर येतं. रशियन ब्लू शांत असतात, लाजाळू असतात, असं वाचून कुणी तिला नेलं आणि ती रात्री तीन वाजता पडद्यावर चढली, तर चूक कुणाची ठरणार? तिचीच. आपल्या शहरांत पर्शियनचं काय होतं ते बघा. ‘डॉल फेस’, ‘सेमी पंच’, ‘पंच फेस’ अशा नावांनी आणि त्याप्रमाणे चढत्या भावांनी पिल्लं विकली जातात. तोंड जितकं आत दबलेलं तितकी किंमत जास्त, म्हणजे श्वासाचा त्रास जितका जास्त तितकी किंमत जास्त. वर्षभरात केसांच्या गाठी होतात, डोळे गळायला लागतात, मग कुणीतरी त्याला दुसऱ्या सोसायटीच्या गेटपाशी सोडून जातं. मुंबई-पुण्यात मांजरांसाठी काम करणाऱ्या कुणालाही विचारा, अशी पर्शियन त्यांनी उचललेली असतात. नाव त्यांना घरात घेऊन आलं. घरात ठेवायला ते पुरलं नाही.

दुसरं, नावाला भुलून येणाऱ्यांत पैदास करू बघणारेही असतात. नसबंदी आधी झाली असेल तर ठीक. नसेल तर ‘रशियन ब्लू मिक्स’ हे तीन शब्द त्या मांजरीसाठी वर्षाला दोन-तीन बाळंतपणांची शिक्षा ठरू शकतात.

तिसरं कारण मला सगळ्यांत मोठं वाटतं. शेल्टर म्हणजे अशी जागा, जिथे जीव वाचवण्यासाठी त्याला काही सिद्ध करावं लागत नाही. तो दारात आला एवढं पुरतं. त्याच जागेने एका कार्डावर ‘मिक्स’ लिहिलं की बाकीच्या वीस कार्डांवर न लिहिता एक वाक्य उमटतं, ‘हे नुसतंच मांजर आहे’. माया करायला काहीतरी खास कारण लागतं, हे शेल्टरनेच कबूल केल्यासारखं होतं. एका मांजराला आपण ज्या दाराने बाहेर काढलं तेच दार बाकीच्यांसाठी थोडं अरुंद झालेलं असतं.

हे नुसतं कल्पनेतलं गणित नाही. कुत्र्यांच्या बाबतीत अमेरिकेतल्या संशोधकांनी 2016 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ‘पिट बुल’ असं लेबल लावलेल्या कुत्र्यांना, दिसायला अगदी तशाच पण दुसरं लेबल असलेल्या कुत्र्यांपेक्षा, घर मिळायला तिपटीहून जास्त वेळ लागत होता. फ्लोरिडातल्या एका शेल्टरने कार्डांवरून ब्रीड काढूनच टाकलं, तेव्हा पिट बुल म्हटल्या जाणाऱ्या कुत्र्यांना लवकर घरं मिळाली आणि इतर कुत्र्यांचंही नुकसान झालं नाही. लेबल जाऊन कुत्रा दिसायला लागला. मांजरांना हेच जसंच्या तसं लागू होईल असा दावा मी करणार नाही. पण लेबल काढलं तर कुणालाच घर मिळणार नाही, ह्या भीतीला तरी त्यातून उत्तर मिळतं.

नावामुळेच बघायला शिकलो, त्याचं काय?

एक आक्षेप राहतो, आणि तो मांजरप्रेमींकडूनच येतो. ते म्हणतात, ब्रीडच्या नादाने का होईना, लोक मांजर बघायला तरी शिकतात. डोळ्यांचा हिरवा आणि पिवळा ह्यांतला फरक, केसांचे थर, शेपटीची लांबी, कानांचा कोन. ज्याला काल ‘मांजर’ एवढंच दिसत होतं, त्याला आज वीस गोष्टी दिसतात. ह्यात वाईट काय?

काही नाही. पक्षी बघणारे नावांच्या मागे लागूनच बघायला शिकतात. पण नाव हे बघण्याचं निमित्त असावं, शेवट नाही. ब्रीडच्या यादीशी ताडून बघणाऱ्याची नजर समोरच्या मांजरावर असते खरी, पण शोध चाललेला असतो दुसऱ्याच मांजराचा, यादीतल्या. डोळे ‘पुरेसे’ हिरवे नाहीत, शरीर ‘जरा’ जाड आहे. ह्या ‘पुरेसे’ आणि ‘जरा’मध्ये ते मांजर कमी पडायला लागतं, स्वतःसारखं असल्याबद्दल.

हॅरिसन विअरची गोष्ट इथे आठवते. पहिलं प्रदर्शन भरवण्यामागे त्याला साध्या, घरगुती मांजराकडे लोकांनी नीट बघावं असं वाटत होतं, कारण तेव्हा मांजर म्हणजे उंदीर मारायचं एक हत्यार समजलं जाई. 1887 मध्ये नॅशनल कॅट क्लब स्थापन झाला आणि तो पहिला अध्यक्ष झाला. काही वर्षांत त्याने तो सोडला. सभासदांना मांजरांच्या भल्यापेक्षा बक्षिसं जिंकण्यात जास्त रस आहे, अशी त्याची तक्रार होती. ज्याने निकष लिहिले, त्यालाच निकषांनी मांजर झाकलं गेल्याचं दिसलं.

तर काय लिहायचं?

जे माहीत आहे ते. ‘राखाडी, आखूड केस. मादी, अंदाजे दीड वर्ष. नसबंदी आणि लसी झाल्या आहेत. पहिले दोन दिवस खोक्यामागे बसते, मग मांडीवर येते. दुसऱ्या मांजरांशी पटतं, कुत्र्यांना घाबरते. ओलं खाणं आवडतं.’ ब्रीडचा रकाना नसलाच तर उत्तम. असलाच तर ‘माहीत नाही’. हे अर्धवट उत्तर नाही. ज्याचे आईबाप कुणी नोंदवले नाहीत त्या जिवाबद्दलचं ते पूर्ण आणि अचूक उत्तर आहे. ‘देशी’ लिहिलं तरी चालेल, पण ते खालच्या आवाजात नको.

असं कार्ड लिहायला वेळ लागतो. मांजराजवळ बसावं लागतं. ‘रशियन ब्लू मिक्स’ लिहायला दहा सेकंद पुरतात, आणि रोज नवीन मांजरं येणाऱ्या, दोन माणसांवर चाललेल्या शेल्टरला त्या दहा सेकंदांचा मोह का होतो हे समजण्यासारखं आहे. म्हणून ही जबाबदारी एकट्या शेल्टरवर टाकता येणार नाही. ते शब्द कार्डावर येतात, कारण बाहेरून आपण तेच विचारत असतो. पुढच्या वेळी फोटो दिसला की ‘कुठल्या जातीचं?’च्या जागी ‘कशी आहे?’ विचारता येईल. फोन उचलणाऱ्याला मग खरं सांगता येईल.

ह्याची किंमत आहे, ती लपवू नये. खरं कार्ड लावलेली ती राखाडी मांजरी कदाचित आणखी दोन महिने तिथे राहील. तो बोकाही तेवढे दिवस बाहेर थांबेल. माझ्या म्हणण्यापायी ही वाट बघणं त्यांच्या वाट्याला येणार असेल, तर निदान एवढं तरी करायला हवं की मत देऊन मोकळं न होता, पाय बरा होईपर्यंत त्या बोक्याला आपल्या घरात जागा द्यायची.